सर्फोजीराजांचे दैव

दक्षिणेत नाट्यप्रबंधाचा एक जुना प्रकार आहे. तमिळात त्याला कुरवंजी म्हणतात. तंजावरच्या मराठीत तिचीच कोरवंजी झाली. हिचा साचा बहुधा ठरलेला असतो. नायिका एखाद्या राजावर किंवा देवावर अनुरक्त होते, विरहाने झुरू लागते, सख्यांचे उपाय थकतात. इतक्यात डोंगराकडची एक कुरवर बाई येते, नायिकेचा तळहात पाहते आणि तिचे भाग्य लवकरच उजळणार असल्याचे सांगते. तिला बक्षिसी मिळते, प्रेक्षकांना समाधान मिळते, आणि खेळ संपत येतो. तंजावरचे सर्फोजीराजे यांनाच नायक कल्पून शिवक्कोळुंदु देशिकर नावाच्या कवीने असा एक प्रबंध तमिळात रचला होता, आणि तो बृहदीश्वराच्या देवळात उत्सवप्रसंगी होत असे.

परंतु याच राजांच्या नावावर मराठीतही एक ‘देवेंद्र कोरवंजी’ आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाने ती १९५० मध्ये छापून प्रसिद्ध केली. ती वाचू लागलेला मनुष्य प्रथम चकित होतो आणि मग त्याला हसू येते. कारण या नाटकातली भविष्य सांगणारी बाई भविष्याबरोबर भूगोल सांगत सुटते. पृथ्वीवरची खंडे कोणती, त्यांत देश कोणते, कोणत्या देशात कोणत्या नद्या वाहतात आणि कोणते पर्वत उभे आहेत, हे सारे ती पदांतून गाऊन दाखविते. जिच्या तोंडून लोकांनी आपले नशीब ऐकायचे, तिच्या तोंडी पृथ्वीचा नकाशा घालणाऱ्या राजाची दैवाविषयीची समजूत काय असेल, हा प्रश्न माझ्या मनात पहिल्यांदा तेव्हा उभा राहिला. पुढे नोकरीच्या निमित्ताने कावेरीच्या मुलखात जाणेयेणे झाले, तंजावरचा राजवाडा आणि त्यातले ग्रंथालय पाहणे झाले, आणि हा प्रश्न काही केल्या मनातून जाईना.

आपण परमुलखात चाकरी करणारी माणसे. बदलीच्या हुकमालाच दैव म्हणण्याची सवय आपल्याला जडलेली असते. बरे गाव लाभले की नशीब उघडले, विक्षिप्त वरिष्ठ लाभला की ग्रह फिरले. दौलताबाद असो की दिब्रुगड, कागदावर जे आले ते भोगायचे. मग त्या गावात राहून आपण काय केले, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. सर्फोजीराजांचे चरित्र या हिशेबाच्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. कारण दैवाने ज्याला इतक्या वेळा उचलले आणि इतक्या वेळा आपटले असा दुसरा राजपुरुष त्या काळच्या मराठी मंडळींत शोधून सापडणे कठीण.

२४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका दूरच्या शाखेत त्यांचा जन्म झाला. गादीशी त्यांचा संबंध नावापुरता होता. तंजावरच्या गादीवर त्या वेळी तुळजाजीराजे होते, आणि त्यांचे आयुष्य म्हणजे दुर्दैवाची एक मालिकाच होती. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर त्यांचे राज्य हिसकावले. १७७६ मध्ये कंपनीनेच ते परत दिले. १७८१ मध्ये हैदराची स्वारी आली आणि कावेरीचा हिरवागार मुलूख उजाड झाला. त्यातच पोटची मुले डोळ्यांदेखत गेली. अखेर जानेवारी १७८७ मध्ये, मृत्यू समोर दिसत असताना, त्यांनी या नऊदहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि थोड्याच दिवसांत डोळे मिटले. मुलाला न मागता राज्य मिळाले.

मिळाले आणि लगेच गेलेही. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह आधी कारभारी झाले आणि मग राजेच झाले. पंडितांची सभा बसली आणि दत्तक अशास्त्र ठरला: मुलगा आपल्या बापाचा एकुलता एक, त्याचे वय अधिक, दत्तक घेणाऱ्याची बुद्धी त्या वेळी स्थिर नव्हती, अशी कारणे निघाली. दहा वर्षांनी कंपनीने पुन्हा शास्त्रार्थ विचारला तेव्हा दुसऱ्या पंडितांनी तोच दत्तक सशास्त्र ठरविला. शास्त्र तेच, मुलगाही तोच. पालटला होता तो कंपनीचा रोख. ज्याचे सारे भवितव्य अशा सभांवर टांगलेले आहे, त्या मुलाने प्राक्तनावर हवाला ठेवून स्वस्थ बसावे, यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. वाड्यात तो जवळजवळ कैदेतच होता आणि त्याच्या शिक्षणाची कोणालाही फिकीर नव्हती.

येथे या कथेत एक जर्मन पाद्री येतो. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा १७२६ साली जन्मलेला मिशनरी दक्षिणेत आयुष्य घालवून तमिळ, मराठी, फारसी बोलू लागला होता. त्याच्या सचोटीविषयी सर्व पक्षांची इतकी खात्री होती की, १७७९ मध्ये मद्रास सरकारने हैदराकडे बोलणे करण्यासाठी यालाच श्रीरंगपट्टणास पाठविले. हैदराच्या स्वारीनंतर तंजावरचे हजारो शेतकरी गाव सोडून गेले, सरकारी कौलावर कोणी विश्वास ठेवीना. श्वार्ट्झने शब्द दिला तेव्हा ते परतले. मरणोन्मुख तुळजाजींनी मुलाचा हात याच्याच हातात द्यावयाचा विचार केला होता. त्याने एकट्याने ती जबाबदारी घेण्यास नकार दिला, पण पाठही फिरविली नाही. मुलाचे हाल होत असल्याचे त्याने मद्रासला कळविले, त्याच्या रक्षणाची व्यवस्था करविली, आणि १७९३ मध्ये तुळजाजींच्या राण्यांसह त्याला मद्रासेस हलविले. तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या पाद्र्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले.

आता कोणी म्हणेल, हेच तर दैव! असा गुरू भेटणे हे आपल्या हाती थोडेच असते? नसते, हे खरे. परंतु एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. श्वार्ट्झ काही एकट्या सर्फोजींना भेटला नव्हता. तुळजाजींच्या दरबारात तो वर्षानुवर्षे येत होता. अमरसिंहांनाही त्याने कारभार आणि न्यायव्यवस्था यांविषयी सल्ला दिला होता. एकच मनुष्य, एकाच वाड्यात, तीन राजांच्या वाट्याला आला. तुळजाजींना त्याच्यात एक भरवशाचा मध्यस्थ दिसला, अमरसिंहांना एक अडचण दिसली असावी, आणि वाड्याच्या कोपऱ्यात पडलेल्या पोरक्या मुलाला शिक्षक दिसला. योग तिघांनाही आला होता. तो ओळखण्याची दृष्टी मात्र तिघांची सारखी नव्हती.

या दृष्टीवर अलीकडे प्रयोगही झाले आहेत. इंग्लंडातील हर्टफर्डशायर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी स्वतःला भाग्यवान आणि अभागी समजणाऱ्या माणसांचा कित्येक वर्षे अभ्यास करून २००३ मध्ये त्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला एक प्रयोग मोठा गमतीचा आहे. दोन्ही प्रकारच्या माणसांच्या हाती एक वर्तमानपत्र दिले आणि त्यातली छायाचित्रे मोजावयास सांगितली. दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत छापले होते की, मोजणे थांबवा, या अंकात ४३ छायाचित्रे आहेत. स्वतःला भाग्यवान म्हणविणाऱ्यांना ते चटकन दिसे. अभाग्यांची नजर बहुधा चित्रांवरच खिळलेली असल्यामुळे त्यांच्या दृष्टीला अर्धे पान व्यापणारी ती अक्षरे पडतच नसत. वाइजमन यांचे सारेच निष्कर्ष मला पटतात असे नाही; भाग्य हे काही केवळ नजरेच्या मोकळेपणाने येत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही दुष्काळी तालुक्यात चार दिवस काढलेला अधिकारी सांगेल. पण वर्तमानपत्राचा हा प्रयोग वाचताना मला तंजावरचा तो वाडा आठवला खरा.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला. त्यानंतर चार महिन्यांनी, जूनच्या अखेरीस, सर्फोजी गादीवर बसले. शिष्याचा राज्याभिषेक पाहणे गुरूच्या नशिबी नव्हते. राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या विख्यात शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. तंजावरच्या श्वार्ट्झच्या प्रार्थनामंदिरात ते आजही आहे: वृद्ध पाद्री मृत्युशय्येवर पडला आहे आणि राजा त्याचा हात धरून उभा आहे. समाधीवरचा इंग्रजी पद्यातला लेख राजांनी स्वतः रचला. आणि हा राजा अखेरपर्यंत श्रद्धावान हिंदू राहिला, हेही येथेच सांगितले पाहिजे. कृतज्ञतेसाठी त्याला धर्म सोडावा लागला नाही आणि धर्मासाठी कृतज्ञताही सोडावी लागली नाही.

राज्य मिळाले, पण वर्षभरच. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा सारा कारभार कंपनीने घेतला. राजांकडे उरला तो किल्ला आणि लगतचा थोडा भाग, दरसाल एक लक्ष होनांची नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. वय बावीस. सैन्य नाही, वसुली नाही, न्यायनिवाडा नाही. मुजरे घ्यावयाचे आणि दसऱ्याला हत्तीवर बसावयाचे, एवढेच राजेपण. एका दृष्टीने पाहता याहून मोठे दुर्दैव कोणते? हिंदुस्थानात त्या पन्नास वर्षांत असे किती तरी नामधारी राजे झाले, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचे दिवस नाच, शिकार आणि रेसिडेंटाशी मानपानाची भांडणे यांत गेले. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. कर्तव्यच काढून घेतल्यावर मनुष्याने सकाळी उठावे तरी कशासाठी?

सर्फोजीराजे मात्र उठत होते. त्यांचा दिनक्रम हाच माझ्या मते त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. ते वाचीत, आणि वाचलेल्या पुस्तकावर आपली सही करीत. सरस्वती महालातल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांवर ही सही पाहावयास मिळते. वळणदार, स्वच्छ, घाई नसलेली. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन इत्यादी भाषांतली हजारो छापील पुस्तके त्यांनी मागविली. रेसिडेंट म्हणून आलेला बेंजामिन टॉरिन विलायतेस परत गेला, तरी राजांनी त्याच्याशी संबंध तोडला नाही. उलट त्याच्यामार्फत पुस्तके आणि उपकरणे मागवीत राहिले. आपल्या उरावर बसविलेल्या अधिकाऱ्याला आपला पुस्तकांचा अडत्या करून टाकणे, ही युक्ती मला तरी कोणत्याही मुत्सद्देगिरीहून कमी वाटत नाही. १८०४ मध्ये आलेल्या लॉर्ड व्हॅलेंशिया या प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, शरीररचनेचा अभ्यास करावयाचा तर मृताच्या अस्थींना स्पर्श करणे धर्माने निषिद्ध, म्हणून राजांनी हस्तिदंताचा सांगाडा करवून आणला होता. अडचण आली की तिच्या बाजूने वाट काढावयाची, अभ्यास थांबवावयाचा नाही; हा एकच नियम त्यांच्या साऱ्या उद्योगांत दिसतो.

आणि उद्योग तरी किती! धन्वंतरी महाल नावाची संस्था त्यांनी काढली. तेथे वैद्य आणि युरोपीय विद्या जाणणारे डॉक्टर एकत्र काम करीत, औषधे तयार होत, त्यांचा गुण आला की नाही हे पाहिले जाई, आणि अनुभवाला उतरलेले उपचार तमिळ पद्यांत बांधून ठेवले जात. शरभेंद्र वैद्यमुरै या नावाने ते ग्रंथ प्रसिद्ध आहेत. नेत्ररोग्यांची टिपणे तर विशेष आहेत. चाळीसाहून अधिक रोग्यांची माहिती, त्यांची तक्रार, शस्त्रक्रिया, पुढचा परिणाम, काहींच्या डोळ्यांची रंगीत चित्रे, आणि मजकूर इंग्रजीत, काही मोडीत. राजे स्वतः मोतीबिंदू काढीत अशी कथा तंजावरात आवडीने सांगितली जाते. मला त्या कथेहून ती टिपणे अधिक मोलाची वाटतात. डोळा बरा करणारा हात मनुष्याबरोबर जातो. काय केले आणि काय झाले हे लिहून ठेवण्याची सवय कागदावर उरते. अलीकडे नेत्रवैद्यांनी ती टिपणे अभ्यासली, ती त्या सवयीमुळेच.

१८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरविला गेला. चोळ राजांच्या तमिळ लेखांच्या शेजारी आपला मराठी लेख तेथे उभा आहे, आणि तो वाचावयाचा तर बराच वेळ हाताशी ठेवून जावे लागते. ‘नवविद्याकलानिधि’ या नावाने त्यांनी शाळा काढली, आणि छापखानाही घातला. त्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावलि’ या नावाने बाहेर पडले. पेशवाई अजून पुण्यात नांदत होती आणि तेथे एकही छापील मराठी पुस्तक निघत नव्हते, तेव्हा कावेरीकाठी मुलांसाठी मराठी गोष्टी छापल्या जात होत्या! परमुलखातल्या मराठी माणसाने केव्हा तरी मनातल्या मनात थोडा अभिमान बाळगावा अशी ही बाब आहे.

छत्रांची हकीकतही येथे सांगण्याजोगी आहे. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली होती. तेथे येणाऱ्याजाणाऱ्याला जातपात न पाहता अन्न मिळे, आजाऱ्याला औषध मिळे. कंपनीने राज्य घेतले तेव्हा ही छत्रेही जाणार असे दिसू लागले. सर्फोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंटाला लांबलचक पत्र लिहून ही धर्मकृत्ये आपल्याकडेच राहावीत अशी विनवणी केली. सैन्य परत मागितले नाही, अन्नछत्र मागितले. आपली प्रिया मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ ओरत्तनाडू येथे त्यांनी आणखी एक छत्र उभारले आणि तेथे शाळाही चालविली. ज्या गोष्टी वाचविणे शक्य होते तेवढ्याच त्यांनी मागितल्या, आणि मागितल्या त्या बहुतेक मिळाल्या. याला कोणी भाग्य म्हणावे की विवेक?

१८२० मध्ये राजे मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले. राजेरजवाडे यात्रा करतातच. पुण्य जोडतात आणि परत येतात. हे परत आले ते पोथ्या घेऊन. काशीत त्यांनी हस्तलिखिते विकत घेतली, जी विकत मिळेनात ती पंडितांकडून नकलून घेतली, आणि घाटांची चित्रेही काढवून आणली. नायक राजांच्या वेळेपासून वाड्यात असलेला पोथ्यांचा भांडार या एका माणसाच्या हयातीत कितीएक पटींनी वाढला. आज तेथे चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. त्यांत मराठीच तीन हजारांवर आहेत, आणि समर्थ संप्रदायाचे वाङ्मय पुष्कळ आहे. समर्थांच्या शिष्यांनी तंजावराकडे मठ घातले होते. यत्नालाच देव मानण्याची त्यांची शिकवण या वाड्याच्या वाऱ्यावर दीडशे वर्षे होतीच. ती सर्फोजींच्या कानी गेली नसेल असे मानण्याचे कारण नाही.

मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हीबर तंजावरास आला. त्याने या राजाला लाव्हाझिए, फूरक्रॉय, लिनियस, बफन यांच्या ग्रंथांविषयी सहज बोलताना ऐकले आणि तो थक्क झाला. आपण पुष्कळ मुकुटधारी पाहिले, परंतु याच्याइतका राजाला शोभणारा कोणी पाहिला नाही, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले. हा हीबर तेथून त्रिचनापल्लीस गेला आणि काही दिवसांतच, ३ एप्रिलला, स्नानाच्या हौदात मृत्यू पावला. तंजावराविषयीचे त्याचे लेखन जगापुढे गेले. एका सत्त्वशील प्रवाशाच्या आयुष्यातला शेवटचा आठवडा राजाच्या कीर्तीला उपयोगी पडावा, हा मात्र निव्वळ योगायोग, आणि त्याचे श्रेय कोणत्याही सवयीला देता येणार नाही.

येथपर्यंत वाचून एखाद्या चिकित्सक वाचकाच्या मनात शंका आलीच असेल. हे सारे ठीक. पण कंपनीची मर्जी सांभाळली म्हणून हा राजा सुखाने वाचीत बसू शकला, असे का म्हणू नये? म्हणावेच. समुद्रकिनाऱ्यावर त्याने बांधलेला मनोरा आजही उभा आहे. इंग्रजांचा विजय आणि नेपोलियनचा पाडाव यांच्या स्मरणार्थ १८१४ मध्ये तो उभारला, असे त्यावरच कोरले आहे. तो पाहताना मराठी माणसाची मान थोडी खाली जाते. त्याच्या ग्रंथांना, स्मारकांना आणि सांगाड्यांना लागलेला पैसा कावेरीकाठच्या कुळांच्या घामातला होता, हेही विसरता येत नाही.

आणि याहून कठीण उत्तर साताऱ्याकडून येते. छत्रपती प्रतापसिंह १७९३ साली जन्मले. त्यांचेही बालपण कैदेत गेले, तेही कंपनीच्या कृपेने १८१८ मध्ये गादीवर आले, त्यांनाही ग्रँट डफसारखा विद्वान इंग्रज मार्गदर्शक मिळाला. त्यांच्या सवयी सर्फोजींहून उण्या नव्हत्या. ते रोजनिशी ठेवीत, ग्रंथ जमवीत, पहाटेपासून कारभार पाहत; त्यांनी रस्ते बांधले, साताऱ्यास पाणी आणले, महाबळेश्वरची वाट केली. आणि १८३९ मध्ये फितुरीचा आरोप ठेवून कंपनीने त्यांना पदच्युत केले. रंगो बापूजी चौदा वर्षे लंडनात त्यांची बाजू मांडीत राहिले; काही उपयोग झाला नाही. १८४७ मध्ये काशीस परक्या घरात त्यांचा अंत झाला. ज्या काशीहून सर्फोजी पोथ्या घेऊन परतले, त्या काशीहून प्रतापसिंह परतलेच नाहीत. चांगल्या सवयींनी चांगले दैव ओढून आणता येते असे जे म्हणतात, त्यांनी साताऱ्याकडे तोंड करून हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहावे.

मग फरक कोठे पडतो? बिठूरला बसलेले दुसरे बाजीराव सर्फोजींहून दोनच वर्षांनी मोठे. आठ लाखांचे वार्षिक वेतन, तेहतीस वर्षांची स्वस्थता, दानधर्म भरपूर. १८५१ मध्ये ते गेले तेव्हा मागे मुख्यतः वेतनाचा तंटा राहिला. प्रतापसिंहांचे राज्य बुडाले, पण त्यांच्या रोजनिशीतून आजही तो काळ बोलतो. सर्फोजींचे राज्य तर त्यांच्या हयातीतच नव्हते. सवयीने दैव पालटले असे या तिघांकडे पाहून म्हणता येत नाही. दैवाने पुढ्यात टाकलेले, बरे असो वा वाईट, तिने धरून ठेवले, एवढे म्हणता येते. एकाची टिपणे झाली, एकाची रोजनिशी झाली, आणि एकाच्या आठ लाखांची भोजने झाली.

७ मार्च १८३२ रोजी सर्फोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक गेले आणि कंपनीने राज्याचे नावही पुसले. पुढच्या वर्षी वाड्यातली मालमत्ता, दागिने, जमिनी, सारे जप्त झाले. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि तो जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला: हे कृत्य राज्यसत्तेचे, त्याचा न्याय कोर्टात होऊ शकत नाही. त्या निकालात न्यायाधीशांनी अन्याय झाल्याचे जवळजवळ कबूल केले, पण हात वर केले. पुढे १८६२ मध्ये सरकारने मेहेरबानी म्हणून खासगी मालमत्ता घराण्याला परत दिली.

या सगळ्या धामधुमीत पोथ्या जागच्या जागी राहिल्या. बर्नेल नावाचा एक इंग्रज मुलकी अधिकारी तंजावरास न्यायाधीश होता. त्याने कचेरीचे काम सांभाळून वाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची तयार केली. ती १८८० मध्ये छापली गेली आणि युरोपातल्या पंडितांना सरस्वती महालाचे नाव कळले. बदलीवर आलेला मनुष्य आणि दीर्घकाळ वाट पाहत बसलेल्या पोथ्या यांची ही गाठ. बर्नेलच्या आधी आणि नंतर तंजावरास कितीएक न्यायाधीश येऊन गेले असतील. राजवाडा त्यांच्याही कचेरीपासून तेवढ्याच अंतरावर होता. १९१८ मध्ये राजघराण्याच्या वारसांनी हा संग्रह लोकांच्या स्वाधीन केला.

ग्रंथांपेक्षा उपेक्षित राहिली ती मोडीची दप्तरे. वाड्यातला रोजचा खर्च, छत्रांतला शिधा, वैद्यांचे पगार, नाचणाऱ्यांचे बिदाग्या, पुस्तकांच्या पेट्यांची हमाली, असा एका दरबाराचा संपूर्ण संसार त्या रुमालांत बांधलेला आहे. १९८१ मध्ये तंजावरास स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने त्यांतले कितीएक कागद वाचवून घेतले आणि त्यांचे तमिळ भाषांतर छापले. मी ग्रंथालयात गेलो तेव्हा तेथल्या एका वृद्ध तमिळ गृहस्थांनी एक मोडी कागद माझ्यापुढे ठेवला आणि मी मराठी आहे असे कळल्यामुळे मोठ्या आशेने मला तो वाचावयास सांगितले. मला तो वाचता आला नाही. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि अक्षरावर बोट ठेवून, सावकाश, मलाच तो वाचून दाखविला.